जे-सतराची बदललेली दिशा

सकाळी दहा

अहवालात एकच ओळ ठळक होती. नमुना जे-सतरा: सरकणे आढळले नाही.

मी ती ओळ मंगळवारपासून वाचत होते. आज शुक्रवार.

जे-सतरा म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर दोन थर. खाली निकेल आणि लोखंडाचा, वर मँगनीज आणि इरिडियमचा. दोन्ही मिळून केसाच्या जाडीचा पाच हजारावा भागही नसतील. खालचा थर साधासरळ चुंबकीय आहे, बाहेरचं चुंबक फिरलं की तोही फिरतो. वरचा वेगळा. त्याच्या अणूंची तोंडं आळीपाळीने उलटसुलट, त्यामुळे बाहेरून पाहिलं तर त्यात चुंबकत्व नाहीच. पण तो खालच्याला एका दिशेने धरून ठेवतो. मग खालच्याला त्या दिशेविरुद्ध पलटवायला जास्त जोर लागतो आणि परत आणायला कमी. आलेखावर जो बंद वळसा उमटतो तो मधोमध न बसता बाजूला सरकतो.

किती सरकतो, हा माझा प्रबंध. मी अमरावतीत मोजलं होतं एकशे अठरा ओर्स्टेड; चुंबकाचा जोर या मापात मोजतात. शोधनिबंध छापून आल्यावर कोणीतरी शंका घेतली, विद्यापीठाने नमुना अकोल्याच्या कॉलेजात पाठवला, तिथल्या यंत्राने सांगितलं, जवळजवळ शून्य.

तुकडा बदललेला नव्हता. मागच्या बाजूला हिऱ्याच्या लेखणीने कोरलेलं ‘जे १७’ माझंच अक्षर होतं आणि जुन्या फोटोशी ओरखड्यासकट जुळत होतं. तेवढ्यानेच सगळं वाईट झालं. तुकडा तोच, सरकणं नाही. म्हणजे मी, जेबाने, आकडे बनवले.

पाच वाजता समिती बसणार होती. आकडे खोटे ठरले तर माझी नोंदणी रद्द, आणि निबंधाच्या पानावर कायमचा शिक्का.

तोपर्यंत चौकशी करायला समितीने मनकर्णा गावंडे यांना बोलावलं होतं. अकोल्याच्या याच कॉलेजच्या उपकरण विभागातून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेल्या. पांढरं पातळ, पायात रबरी चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“तूच का ते जेबा?”

“हो मॅडम.”

“जेवली का?”

“नाही.”

“मंग आधी काई खाऊन घे. उपाशी माणूस लवकर कबूल होते. मले तसं कबूल केलेलं नाही पाहिजे.”

कोणाच्या हातात

गुरुवार. मी शेवटचं मोजलं. एकशे अठरा.

शुक्रवार. मी तुकडा प्लॅस्टिकच्या छोट्या पेटीत घातला, पेटी लोखंडी कपाटात, कुलूप, किल्ली खिळ्याला. खिळा सगळ्यांना माहीत.

शनिवार, रविवार. मी अकोल्यात, जुन्या शहरात, घरी. अमरावतीच्या लॅबमध्ये शनिवारी सोबतची प्राजक्ता होती. परिचर देवमनभाऊ दोन्ही दिवस. माझे मार्गदर्शक गजेंद्र सर रविवारी अर्धा तास.

सोमवार. देवमनभाऊंनी पेटी एस.टी.ने अकोल्याला आणली.

मंगळवार. शून्य.

मनकर्णाबाईंनी हे वाचलं आणि कागद पालथा घातला.

“चार जण. तू धरून.”

“मी धरून?”

“मंग काय तुले सोडून मोजू?”

तीन वेळा

सर अमरावतीहून आपल्या गाडीतून प्राजक्ता आणि देवमनभाऊंना घेऊन आले होते. मनकर्णाबाईंनी एकेकाला वाचनालयाच्या कोपऱ्यात बसवलं. नियम एकच. तेच तीन वेळा सांगायचं. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये सगळ्यांना चहा. मला त्यांनी लिहून घ्यायला बसवलं. माझ्याच विरुद्ध जाईल तेसुद्धा.

प्राजक्ता काळमेघ. माझ्याच वयाची, माझ्याच लॅबमधली. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत एक जागा आहे आणि अर्ज आम्ही दोघींनी केलाय.

पहिल्यांदा: “शनिवारी अकराला आली मी. कूलरची टाकी खाली होती, दोन बकेटा पाणी टाकलं. मग हॉटप्लेट लावून माझ्या नमुन्यांचं काम केलं. दोनला गेली. जे-सतराले हात नाही लावला मी, आईची शपथ.”

दुसऱ्यांदा: “अकराला आली. हॉटप्लेट लावली, माझं काम केलं, दोनला गेली. कपाट उघडलं नाही.”

तिसऱ्यांदा: “अकरा ते दोन होती. कपाट उघडलं नाही.”

गजेंद्र सर.

पहिल्यांदा: “रविवारी तीनच्या सुमारास गेलो. मूल्यांकनाचं पथक यायचंय, त्याच्या फायली घेतल्या. लॅब व्यवस्थित होती. तापमान बावीस अंश, नोंदवहीत आहे. जेबा हुशार मुलगी आहे, पण दडपणाखाली माणसाकडून काय होईल सांगता येत नाही.”

दुसऱ्यांदा: “रविवारी तीनला फायली घेतल्या. लॅब नियमाप्रमाणे होती. बाकी समिती ठरवेल.”

तिसऱ्यांदा: “समिती ठरवेल.”

देवमनभाऊ.

पहिल्यांदा: “पेटी कपाटातच होती. सोमवारी मी काढली, एस.टी.नं आणली, मांडीवर ठेवून आणली.”

दुसऱ्यांदा: “पेटी कपाटातच होती. सोमवारी मी काढली, एस.टी.नं आणली, मांडीवर ठेवून आणली.”

तिसऱ्यांदा: तेच. श्वास घ्यायची जागासुद्धा तीच.

मग मी. गुरुवार, एकशे अठरा, शुक्रवार, पेटी, कपाट, कुलूप, खिळा. तीन वेळा.

मनकर्णाबाईंनी माझ्या हातातून वही घेतली आणि चष्मा वर केला.

“पोरी, या दोघांचं सांगता सांगता कमी होत गेलं. तसं होतेच. पहिल्यांदा माणूस सैल सांगते, मंग आखडते. पण देवमनचं आन तुयं एक अक्षर हाललं नाही. हे पाठ केलेलं हाये. देवमनले कोणी पढवलं ते पाहू. तुले कोणं पढवलं?”

मी पेन टेबलावर ठेवलं.

“मीच. मंगळवारपासून तेच बोलतेय. एस.टी.त, नळाखाली, अब्बू काही विचारत असतात तेव्हा मनात. दुसरं काही बोलताच येत नाही.”

त्यांनी वही मिटली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

“मंग हे तीन वेळाचं खटलं माणसाले पुरं लागू नाही होत,” त्या उठत म्हणाल्या. “खोटारडाही पाठ करते, भेदरलेलाही करते. चाल. जे पाठ करू शकत नाही त्याले विचारू.”

यंत्राच्या खोलीत

साडेअकरा. मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन तोंडांमध्ये एक काचेची दांडी, तिच्या टोकाला जे-सतरा. दांडी थरथरते, यंत्र ऐकतं.

“हे तेरा काय हाये?”

मनकर्णाबाईंनी मंगळवारच्या कच्च्या नोंदीवर बोट ठेवलं. अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलं होतं, पण खाली बारीक अक्षरात आकडा होता. उणे तेरा.

“एकच फेरी घेतली होती,” मी म्हणाले. “तेरा म्हणजे मोजमापात होणाऱ्या चुकीएवढंच, असं धरलं त्यांनी.”

“उणे काहून? तुयं अधिक होतं ना?”

हो. माझं अधिक होतं. मी चार दिवस ‘शून्य’ या शब्दाकडे बघत बसले होते, चिन्हाकडे पाहिलंच नव्हतं. वरचा थर मेला असता तर तेरा कधी अधिक, कधी उणे आलं असतं, म्हणजे गोंधळ. पण तो मेला नसेल आणि फक्त दुसरीकडे तोंड करून बसला असेल तर? आडवा उभा राहून किंचित पाठ दाखवत असेल तर?

“दांडी फिरवू?” मी विचारलं.

“फिरवू. पण तू हात नको लावू, मीच फिरवतो.”

तीस अंश. थोडंसं सरकलं. साठ. जास्त. नव्वद. खूप. एकशे दहा, पुन्हा कमी. मग मागे, एकेक अंश. सर्वांत जास्त कुठे ते अदमासाने ठरलं. माझ्या मूळ दिशेच्या खुणेपासून सत्त्याण्णव अंशांवर.

तिथे त्यांनी नीट फेरी घेतली. एकशे चार.

पुन्हा घेतली. शहाण्णव.

तिसऱ्यांदा. चौऱ्याण्णव.

मी खुर्चीत बसले.

“काय झालं?”

“मॅडम, असे थर तापवून चुंबकाजवळ थंड केले की ते त्या चुंबकाची दिशा धरतात. थंड केल्यावर पहिल्या फेरीत सरकणं जास्त येतं. मग दर फेरीला थोडं उतरतं आणि ठरतं. ठरलं की पुढे हलत नाही.”

“मंग?”

“गुरुवारपर्यंत मी याच्या चाळीस फेऱ्या घेतल्या होत्या. माझ्याकडून गेला तेव्हा तो ठरलेला होता. आज पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत आठ ओर्स्टेडचा फरक आहे. हा नवा झालाय. वेगळ्या दिशेने नवा.”

मनकर्णाबाईंनी यंत्र थांबवलं.

“म्हणजे तुया हातून गेल्यावर कोणीतरी याले तापवलं.”

हॉटप्लेट

किती तापवलं ते मला पाठ होतं. माझा वरचा थर फार पातळ आहे, म्हणून तो लवकर विसरतो. पासष्ट अंशांपुढे. निबंधाचा तोच तर मुद्दा होता, आणि तो वाचलेल्या कोणालाही हे माहीत असणार.

शनिवारी अकरा ते दोन हॉटप्लेट कोणी लावली होती?

प्राजक्ता नळाजवळ बाटली भरत होती. मी विचार न करता तिच्या समोर उभी राहिले.

“तू तापवलास ना माझा नमुना?”

“काय?”

“बंगळुरूसाठी.”

तिने बाटलीचं झाकण लावलं. सावकाश. मग जे बोलली ते हळू आवाजात, पण एकेक शब्द चिमटा काढल्यासारखा.

“जेबा, तुले मी एवढी बावळट वाटते का? कितीवर वळला तो?”

“सत्त्याण्णव.”

“नमुना ठेवायच्या आपल्या स्टँडले खाचा किती? शून्य आन नव्वद. मी ठेवला असता त नव्वदवर बसला असता. सत्त्याण्णववर कोण ठेवते? आन मले वाट लावायची असती त चुंबकाजवळ कशाले नेला असता? तापवून, उलटसुलट झुलवून, चुंबकत्व काढून थंड केला असता. कुठंच काही सापडलं नसतं तुले. ज्याले हे समजते त्यानं असं नसतं केलं. तू लय हुशार ना? एवढं नाही सुचलं?”

मला सुचलं नव्हतं. लाजेने कान गरम झाले. मागून रबरी चपलांचा आवाज आला.

“पोरगी बरोबर बोलून राहिली,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “हे ज्यानं केलं त्याले आपण काय करून राहिलो तेच ठाऊक नव्हतं. याच्यावरून एकदम तिघं बाद होतात. तू, हे, आन तुमचे सर.”

मग त्या प्राजक्ताकडे वळल्या.

“पण तू एक सांग. पहिल्यांदा बोलली तवा दोन बकेटा पाणी होतं. चहा पेल्यावर ते पाणी कुठं गेलं?”

प्राजक्ताने वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. तिथे सर फोनवर होते.

पाण्याचं

“सर म्हणाले, कूलरचं काढू नको,” प्राजक्ता अखेर म्हणाली. “मूल्यांकनात लिहून दिलंय की लॅबले एसी आहे. बावीस अंश, ओलावा चाळीस टक्के. एसी फेब्रुवारीत बंद पडला. तेव्हापासून कूलरच आहे. नोंदवहीत रोज बावीस लिहितो आम्ही.”

आम्ही. मीही लिहीत होते. आणि तीन वेळा साक्ष देताना तो कूलर माझ्या तोंडून एकदाही आला नव्हता. लपवायचा म्हणून नाही. मे महिन्यात अमरावतीत कूलर कोणाला दिसतो? तो भिंतीसारखा असतो. खिडकीत लावलेला, वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा फेकणारा, दिवसभर घरघरणारा.

ओली हवा.

“पेटी आणा,” मी म्हणाले. मग आठवलं की मी कोणाशी बोलतेय. “म्हणजे, मॅडम, पेटी पाहता येईल का?”

त्यांनी ती पिशवीतूनच काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला, मी चिकटपट्टीने लावलेली कागदी जाळीची पुडी होती. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची. कोरडे असले की दाणे निळे, पाणी प्यायले की गुलाबी.

दाणे निळे होते. गडद निळे.

“शुक्रवारी कसे होते?”

मला स्वच्छ दिसलं. शुक्रवारी संध्याकाळी पेटी बंद करताना मी मनात म्हणाले होते की सोमवारी बदलायला पाहिजेत.

“गुलाबी. पूर्ण गुलाबी होते मॅडम.”

“आपोआप निळे होतात?”

“नाही. तापवून वाळवावे लागतात. भट्टीत.”

“भट्टी हाये तुमच्याकडे?”

“दिवाळीपासून केमिस्ट्रीवाल्यांकडे आहे,” प्राजक्ता म्हणाली.

मनकर्णाबाईंनी पेटी उन्हात धरली, बंद केली, पुन्हा पिशवीत ठेवली. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर गरम वाऱ्याची लू सुरू झाली होती. अब्बूंचे पाच फोन येऊन गेले होते, मी एकही घेतला नव्हता. मी काय सांगणार होते?

“देवमनले बोलावा,” त्या म्हणाल्या. “आन सरायले म्हणा, तुमी बाहेरच थांबा.”

कुरडया

देवमनभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले. कंत्राटावर अकरा वर्षं. मला ‘ताई’ म्हणतात, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे असून.

“देवमनभाऊ, घरी कुरडया झाल्या का औंदा?”

“झाल्या मॅडम.” ते गोंधळले. “माणिकबाईनं केल्या. माय हाये माही. पंधरा दिवस झाले.”

“कुठं वाळू घातल्या?”

“पत्र्यावर. घरच्या.”

“वरून कपडा टाकत असान. धूळ पडते.”

“हो त. पातळाचा जुना तुकडा.”

“लू सुटली की उडत नाही कपडा?”

“कोन्यावर गोटे ठेवतो ना.”

“पत्र्यावरून गोटे घसरत नाहीत?”

“घरचा पत्रा सपाट हाये. लॅबचाच उताराचा…”

ते थांबले. मी लिहिणं थांबवलं.

लॅबच्या दुसऱ्या, बिनकूलरच्या खिडकीखाली सायकल स्टँडचा पत्रा आहे. खिडकीतून पाय टाकला की त्यावर उतरता येतं.

“लॅबच्या पत्र्यावर काय ठेवता मंग?” मनकर्णाबाईंनी तितक्याच मऊपणे विचारलं. “कपडा उडू नये म्हणून?”

देवमनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

“लोहचुंबक,” ते म्हणाले. “फुटक्या भोंग्यातले. पत्र्याले पक्के चिकटतात, उतारावर बी हालत नाहीत. ताई, मी चांगल्यासाठीच केलं. त्या पुड्यायचे दाणे गुलाबी झाले की दर खेपीले मी पत्र्यावर वाळू घालतो, भट्टी नाही म्हणून. दोन दिवसांच्या उन्हात निळेशार होतात. पण तुमची पुडी झाकणालेच चिकटवलेली. आन तुमी म्हणाल्या होत्या, भाऊ, आतल्या वस्तूले हात नका लावू. म्हणून म्या हात लावला नाही. झाकण उघडून सारी पेटीच ठेवली. वरून कपडा, कोन्यावर चुंबक. बोट बी लावलं नाही ताई.”

मे महिन्यातला पत्रा. भर दुपारी त्यावर तळवा ठेवता येत नाही. सत्तर, पंचाहत्तर अंश. आणि सूर्य उतरल्यावर तो पत्रा, तो तुकडा, दोन्ही हळूहळू थंड झाले, हातभरही लांब नसलेल्या चुंबकाच्या छायेत. पेटी जशी पडली होती त्या कोनात.

सत्त्याण्णव.

“मंग कपाटात होती असं काहून सांगितलं?”

त्यांनी मान खाली घातली.

“रविवारी सरायनं खिडकीतून पाह्यलं. म्हणाले, आत घे, कोणी पाहीन. म्या ऊन उतरल्यावर घेतली. मंगळवारी इथून अहवाल गेला त मले बोलावलं. म्हणाले, पत्र्याचं काढलं की कूलरचं निघते, कूलरचं निघालं की एसीचं. पथक येऊन राहिलं. तू म्हण, कपाटात होती. तीन डाव म्हणून घेतलं माह्याकडून.”

मंगळवारी. म्हणजे सरांना मंगळवारीच माहीत होतं. बुधवारी ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, जेबा, खरं असेल ते सांगून टाक, मी आहे.

पुसायचं की ठेवायचं

साडेतीन.

“आता आईक,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी कागदावर लिवलं, पत्र्यावर वळला. समिती म्हणीन, बरं, वळला असन, पण जेबाचे एकशे अठरा खरे कशावरून? त्याले एकच विलाज. तुया खुणेच्या दिशेनं चुंबक लावून पुन्हा तापवायचा, पुन्हा थंड करायचा. तुयं खरं असन त एकशे अठरा परत येईन.”

“येईल.”

“येईनच असं नाही. दोन दिवस पत्र्यावर भाजलाय तो. थर एकमेकात मुरले असले त?”

मी तेच विचार करत होते.

“आन एकदा तापवला की सत्त्याण्णव पुसलं. मंग पत्र्याची साक्ष माह्या कागदावरच राह्यली, तुकड्यात नाही. तुकडा एकच हाये पोरी. तापवू?”

न तापवता तो जसा आहे तसा समितीसमोर ठेवला तर निदान तो वळलाय हे तरी कोणालाही फिरवून पाहता आलं असतं. तापवला आणि काही आलं नाही, तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं. दिशाही नाही, आकडाही नाही.

“समितीला आधी बोलवा,” मी म्हणाले. “सत्त्याण्णव त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे. मग त्यांच्यासमोर तापवा.”

मनकर्णाबाई पहिल्यांदा हसल्या. “आता जरा सैल बोलली.”

उतरताना

समितीचे तिघे भिंतीला टेकून उभे. सर दाराजवळ. सत्त्याण्णववरचा वळसा पाहून झाला होता, सह्या झाल्या होत्या. आता तुकडा तारेच्या छोट्या भट्टीत, भट्टी चुंबकाच्या तोंडात, चुंबक माझ्या खुणेच्या दिशेने.

पंच्याऐंशी अंश. दहा मिनिटं धरून ठेवायचं.

ऐंशी. भट्टी बंद केलीय, आकडा उतरतोय.

चौऱ्याहत्तर. अध्यक्ष घड्याळ पाहतात.

सत्तर. प्राजक्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहते. मी सॉरी म्हणते. ती म्हणते, “चूप बस, आकडे पाहू दे.”

पासष्ट. इथे काहीतरी व्हायला हवं. बाहेरून काही दिसत नाही. दिसणारच नाही.

चोपन्न. अणू ओळीत बसत असतील. किंवा बसायला ओळच उरली नसेल.

शेहेचाळीस. खिशात फोन थरथरतो. अब्बू. मी घेते. “अब्बू, दस मिनट,” एवढंच म्हणते. पलीकडून ते म्हणतात, “दुकान बंद करके गेट पे खड़ा हूँ बेटा. आराम से.”

चाळीस. छत्तीस. पुढे उतरायला तयार नाही, खोलीच तेवढी गरम आहे.

“घ्या फेरी,” अध्यक्ष म्हणतात.

पडद्यावर रेघ निघाली. वर गेली, सपाट झाली, वळली, खाली आली. परत फिरली. मनकर्णाबाईंनी चष्मा पुसला आणि आकडा मोठ्याने वाचला.

“एकशे सव्वीस.”

दुसरी फेरी. “एकशे वीस.”

तिसरी. “एकशे अठरा.”

चौथी. त्यांनी आकडा वाचला नाही, पडदाच अध्यक्षांकडे वळवला. एकशे अठरा.

रकाना

अध्यक्षांनी सांगितलं, आकडे खरे, नोंदणी कायम. मग माझ्यासमोर एक छापील कागद सरकवला. मोजमापातील विसंगतीचे कारण व जबाबदार व्यक्ती. खाली संशोधकाची सही, तिच्याखाली मार्गदर्शकाची.

सर माझ्याजवळ आले. आवाज नेहमीसारखा, मायेचा.

“देवमनचं नाव लिही. तो कबूल झालाच आहे. एका ओळीत विषय संपतो.”

देवमनभाऊ दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभे होते. अकरा वर्षं कंत्राटावर. त्यांना काढायला पत्रही लागत नाही.

मी लिहिलं. लॅबमधील वातानुकूलन फेब्रुवारीपासून बंद आहे. कूलरमुळे खोलीत ओलावा असतो. दाणे वाळवायला भट्टी नाही, म्हणून ते पत्र्यावर वाळवले जातात. पुडी झाकणाला मी चिकटवली, त्यामुळे नमुना उन्हात गेला. नोंदवहीतले बावीस अंश खोटे आहेत. त्यांतले काही माझ्या हातचे आहेत. हे मार्गदर्शकांना मंगळवारपासून माहीत होते.

सरांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण बराच वेळ लागला.

“जेबा, प्रबंधावरही माझीच सही लागणार आहे.”

“माहीत आहे सर.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि कागद तसाच टेबलावर सोडून बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. प्राजक्ता खिडकीतून म्हणाली, “गेले. आता आमी एस.टी.नं जायचं का?”

मी सहीच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहत होते. सही नाही म्हणजे कागद अपुरा. अपुरा कागद पुढे जात नाही. सगळं पुन्हा सुरू होईल, नव्या तारखेला, नव्या पाच वाजता.

मनकर्णाबाईंनी कागद उलटा केला.

“हे पाह्य. मार्गदर्शकाची सही नसली त काहून नसली, त्याच्यासाठी मागं रकाना हाये. तो भरला की कागद पुढं जाते, पण कोणीच भरत नाही. भर.”

रकाना दोन ओळींचा होता. मी तिसरी ओळ समासात लिहिली.